बारा खाटांचे रुग्णालय, एकच डॉक्टर आणि रात्रीचा फोन

प्रश्न (फिजिशियन, राजारामपुरी)

कोल्हापुरात राजारामपुरीत गेली चौदा वर्षे माझे बारा खाटांचे रुग्णालय आहे. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडून रुग्ण येतात आणि बहुतेकांकडे माझा खासगी क्रमांक असल्यामुळे रात्री दोन वाजताही कुणाच्या तरी ईसीजीचा फोटो येऊन पडतो. मागच्या महिन्यात एका अत्यवस्थ रुग्णापायी सलग सव्वीस तास जागा राहून तसाच ओपीडीला बसलो आणि एका आजोबांना रक्तदाबाची एकच गोळी दोन निरनिराळ्या ब्रँडच्या नावांनी लिहून दिली. औषध दुकानदार स्वतः चिठ्ठी घेऊन वर आला आणि त्याने दोन्ही ओळींवर बोट ठेवले, म्हणून निभावले. अक्षर माझेच होते, पण ते लिहिल्याचे काही केल्या आठवेना. योगासने करा, रंकाळ्यावर फिरायला जा, हे सल्ले मीच दिवसभर देत असतो. ते वगळून, एकट्याने रुग्णालय चालवणाऱ्यांनी विश्रांतीचा प्रश्न प्रत्यक्षात कसा सोडवला, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (सर्जन, शाहूपुरी)

आमची सोय महापुराने करून दिली. ऑगस्ट २०१९ मध्ये शाहूपुरीत पाणी शिरले, पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि ज्याला ज्या रुग्णालयापर्यंत पोहोचता आले त्याने तिथले रुग्ण पाहिले. कोण कुणाचा रुग्ण, हा प्रश्नच उरला नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघांनी तीच पद्धत आळीपाळीने चालू ठेवली. प्रत्येकाची पाळी दर चौथ्या रात्री येते आणि ज्याची पाळी, तो चारही रुग्णालयांचे तातडीचे फोन घेतो. रात्री जो डॉक्टर येईल, त्या भेटीची फी त्याची. रुग्ण मात्र सकाळी मूळ डॉक्टरकडेच परततो. संध्याकाळी सातला प्रत्येक दाखल रुग्णाविषयी चार ओळी लिहून द्यायच्या आणि नातेवाइकांना रात्री कोण येणार ते आधीच सांगायचे. पहिल्याच वर्षी एक रुग्ण परत न आल्यामुळे आमच्यात दोन महिने अबोला होता, हेही सांगितले पाहिजे. वैद्यकशास्त्र त्यात कुठेच आड आले नाही, आड आली ती ‘माझा पेशंट’ ही भावना.

उत्तर २ (मानसोपचारतज्ज्ञ, ताराबाई पार्क)

सलग सतरा ते एकोणीस तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसलेले आहे. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. तेव्हा त्या चिठ्ठीचे खापर स्वतःच्या निष्काळजीपणावर फोडू नका, ती तासांची चूक होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ला आजार न म्हणता कामाच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हटले आहे. शक्ती संपल्यासारखा थकवा, कामाविषयी तुटकपणा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, अशी तिची तीन अंगे आहेत. सुट्टीच्या दिवशीही मन उदासच राहत असेल, तर मात्र नैराश्याची तपासणी करून घ्यावी, आणि ती दुसऱ्याकडून. ड्रॉवरमधल्या सॅम्पलमधून झोपेची गोळी स्वतःच सुरू करणारे डॉक्टर माझ्याकडे बऱ्याच उशिरा येतात. ओळखीच्या माणसाकडे जायचा संकोच वाटत असल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डॉक्टरांनाही खुला आहे. डॉक्टरांच्या शपथेत, म्हणजे जिनिव्हा प्रतिज्ञेत, २०१७ पासून स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचे वचन समाविष्ट आहे. आपण शपथ घेतली तेव्हा ते वाक्य नव्हते, एवढाच फरक.

उत्तर ३ (निवासी डॉक्टर)

आपण सर्वजण आपापल्या रुग्णालयांचे मालक आहात, म्हणून पाळ्या ठरवू शकता. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरांसाठीच्या योजनेत आठवड्याला साधारण ४८ तासांची मर्यादा सांगितली होती, आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाला ७४ तासांपेक्षा अधिक नको, अशी शिफारस करावी लागली. या दोन आकड्यांमधले अंतर आम्ही वॉर्डात बसून मोजतो. उद्या आपल्या रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर नेमाल, तेव्हा त्याच्याही पाळीचा विचार व्हावा, एवढीच विनंती.

उत्तर ४ (एका बालरोगतज्ज्ञाची पत्नी, शिक्षिका)

सर्जनसाहेबांची पद्धत उत्तम आहे, पण ती अर्धीच आहे. आमच्याकडेही पाळ्या ठरल्या, तरी सुट्टीच्या रात्री यांचा फोन उशाशीच असे आणि दुसऱ्या डॉक्टरांनी काय केले हे विचारण्यासाठी हेच उठून फोन करीत. शेवटी रुग्णालयासाठी वेगळे सिम घेतले आणि पाळी नसेल तेव्हा तो फोन रिसेप्शनवरच्या सिस्टरांकडे ठेवू लागलो. पहिला आठवडा फार चिडचिडीत गेला.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक फिजिशियन आहेत. त्यांच्या नव्या फलकामुळे माझा फलक झाकला गेला, तेव्हापासून तीन वर्षे आमचे बोलणे नाही. आज दुपारी त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी चहा मागवला आणि निम्मा प्याल्यावर म्हणाले, ‘मीच येणार होतो.’ बुधवारची रात्र त्यांची आणि शनिवारची माझी, असे तूर्त ठरले आहे. फलकाचा विषय दोघांनीही काढला नाही.