दादाला ब्रेन कॅन्सरच्या ट्रायलमध्ये घालावं काय? फॉर्म कन्नडमध्ये हाय

खानापूरची_धाकटी
नमस्कार सगळ्यांना. आम्ही खानापूर तालुक्यातले. थोरल्या दादाला (वय ४६) गेल्या महिन्यात शेतातच फिट आली, बेळगावला नेऊन एमआरआय केला तर डोक्यात गाठ, ऑपरेशन झालं आणि बायोप्सीत ग्लिओब्लास्टोमा ग्रेड ४, म्हणजे मेंदूचा कॅन्सर आला. आता रेडिएशन आणि टिमोझोलोमाइडच्या (कीमोच्या) गोळ्या सुरू करायच्यात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला बंगळूरला गेलो तर तिथं म्हणाले एक ट्रायल चालू हाय, फेज ३, नेहमीच्या ट्रीटमेंटसोबत एक नवं औषध, पण ते निम्म्या पेशंटनाच मिळणार, बाकीच्यांना नुसती नेहमीची ट्रीटमेंट, कोण कुठं ते कॉम्प्युटर ठरवणार. हे ऐकल्यापासनं आई धड जेवत नाही, माझ्या लेकावर प्रयोग करालेत म्हणते. वहिनी म्हणते जे असेल ते करूया, पदरात दोन पोरं हाईत. जाडजूड फॉर्म दिलाय, इंग्लिश आणि कन्नडमध्ये. दादा मराठी शाळेत सातवी शिकलेला, कन्नड बोलतो चांगलं पण वाचता येत नाही, मला म्हणाला तूच वाच आणि सांग कुठं सही करू. मलाच निम्मं कळालं नाही तर त्याला काय सांगू? कुणी यातनं गेलंय काय?

निपाणीची_अक्का
बाळ, आमच्या मालकांना हाच आजार होता, मुंबईला ट्रायलमध्ये होते. त्यांचा नंबर नेहमीच्या ट्रीटमेंटच्या गटात लागला. दोन दिवस मी नुसती रडले, वाटलं औषध समोर असून आपल्याला नाही. पण कुणाला कमी ट्रीटमेंट दिली असं काही नव्हतं, ट्रायलबाहेरच्या पेशंटना जे मिळतं तेच पूर्ण मिळालं. फेऱ्या मात्र लई. दर फेरीला रक्त, ठरलेल्या तारखेला एमआरआय, गोळ्या कधी घेतल्या ते वहीत लिहायचं, उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या डब्या परत न्यायच्या. एक कोऑर्डिनेटर मुलगी होती, रात्री अकराला फिट आली तेव्हा तिनं फोन उचलला, ते मी जन्मात विसरणार नाही. एक काम आजच करा, ऑपरेशन झालं तिथनं गाठीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, ट्रायलवाल्यांना तपासायला लागतात. आम्हाला एका दवाखान्यानं तीन चकरा मारायला लावल्या आणि ट्रायलमध्ये घ्यायची मुदत संपायला दोनच दिवस राहिले होते. मालक १६ महिने होते. थोरलीचं लग्न बघून गेले. ते ट्रायलमुळं की कशामुळं, मी कुणाला सांगू शकणार नाही.

अनगोळकर
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. बाबांच्या वेळी आम्ही नाही म्हटलं. रेडिएशन म्हणजे ३० वेळा, आठवड्यातनं पाच दिवस, सहा आठवडे. बेळगावात केलं म्हणून बाबा रोज संध्याकाळी घरी जेवायला होते, नातवंडं अंगाखांद्यावर. बंगळूर इथनं ५०० किलोमीटर, तिथं खोली घेऊन राहायचं, वहिनी सोबत गेल्या तर पोरं कुणाकडं, शेत कोण बघणार, हे सगळं मांडून बघा. या आजारात दिवस मोजकेच असतात ओ, ते कुठं घालवायचे हा पण प्रश्न आहेच की.

टिळकवाडी_सिस्टर
मी बरीच वर्षं कॅन्सर वॉर्डात काढलीत म्हणून लिहिते. पहिली गोष्ट फॉर्मची. पेशंटला समजेल अशा भाषेत माहिती देणं ही मेहरबानी नाही, २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांत ते लिहिलेलंच आहे. मराठी फॉर्म पाहिजे म्हणून सरळ सांगा, त्याला एथिक्स कमिटीची (ट्रायलमधल्या पेशंटचं हित बघणारी समिती) मंजुरी लागते म्हणून थोडा वेळ जाईल. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार बसवून सगळं मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं. आणि सही दादांची, तुमची नव्हे, ते समजून घेऊन ठरवू शकतात तोवर त्यांनाच विचारायचं. ट्रायलमुळं काही इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई द्यावी लागते, कधीही बाहेर पडता येतं आणि पडलात म्हणून नेहमीची ट्रीटमेंट थांबत नाही. सीटीआरआय नंबर मागा, त्या सरकारी साइटवर ट्रायलची नोंद बघता येते, २००९ पासून सक्तीची आहे. प्रवासाचे, राहायचे, एमआरआयचे पैसे कोण देणार ते लेखी घ्या. गाठीची एमजीएमटी टेस्ट झाली काय तेही विचारा, टिमोझोलोमाइड किती लागू पडेल याचा अंदाज त्यावरनं येतो.
आईंना एवढं सांगा की दादांना ज्या गोळ्या सुरू करायच्यात त्याच अशा ट्रायलमधनं आल्यात. २००५ साली ५७३ पेशंटच्या ट्रायलचा निकाल आला, नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनी शंभरातले दहा जिवंत होते, गोळ्यांसोबत २६. त्यातही निम्म्यांना गोळ्या मिळाल्या नव्हत्या. पण नवं औषध चांगलंच निघेल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, तेवढं माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती. अनगोळकरांचं म्हणणं पण मला पटतं.

खानापूरची_धाकटी
सगळ्यांचे लई उपकार. फोन केला, मराठी फॉर्म त्यांच्याकडं तयारच होता, आम्ही मागितला नव्हता म्हणून दिला नाही म्हणाले. काल रात्री पडवीत बसून मी दादाला सगळा वाचून दाखवला, आई पण ऐकत होती. मधे मधे तो विसरतो, मग परत वाचायचं, दोन तास गेले. शेवटी त्यानं एकच विचारलं, भात लावणीला मला घरी येता येईल काय? तारखा काढून बघितल्या, रेडिएशन त्याच्या आधी संपतंय. आईनं विचारलं औषध नाही मिळालं तर? दादा म्हणाला नाही मिळालं तरी माझी ट्रीटमेंट होणारच हाय की. मग आई उठून भाकरी थापायला गेली. ब्लॉक सकाळी मिळाला. मंगळवारच्या रात्रीच्या गाडीनं निघालोय, साक्षीदार म्हणून गावातले गुरुजी येणार हाईत, सही दादा तिथंच करणार, खर्चाचं लेखी मिळालं तरच.