'श्यूरुर' म्हणजे 'सीगफ्रीड'च ना?

शब्दवेडा
उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर मुलाचं नाव श्यूरुर ठेवतात. माझ्या मते हे जर्मन सीगफ्रीडच. तोच वीर, त्यानेच मारलेला ड्रॅगन, तीच नायिका ब्रुनहिल्ड. १२०० च्या सुमाराच्या जर्मन महाकाव्यात तो सीगफ्रीड, फेरोई कथागीतांत श्यूरुर.

ओसरी
साफ असहमत. वीर एक असेल, नाव एक नाही. श्यूरुरचं जुन्या नॉर्समधलं, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतलं, रूप 'सिगुर्ध'. ते मधोमध फोडा. पहिला तुकडा 'विजय', तो दोन्हीकडे आहे. दुसरा मात्र 'राखणारा'. होस्टेलच्या वॉर्डनचं मूळही तेच. सीगफ्रीडमधला 'फ्रीड' म्हणजे शांतता. श्यूरुरचा जर्मन सख्खा भाऊ हवा असेल तर तो सीगवार्ट. विजयसेन आणि विजयकुमार ही एकच नावं झाली का?

आणि 'जर्मन' नव्हे, 'जर्मानिक' म्हणा, ते अख्ख्या भाषाकुळाचं नाव. नॉर्स काही जर्मनच्या पोटी जन्मली नाही, दोघी बहिणी आहेत. मराठीला कुणी हिंदीची लेक म्हटलं की आपल्याला लागतं ना? मग हेही लागायला हवं.

शब्दवेडा
'राखणारा' मान्य. पण कथा जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठची. पाचव्या शतकात हूणांनी बुर्गुंडी या जर्मानिक टोळीच्या राजाचा पाडाव केला, त्याची आठवण तिच्यात आहे. ती उत्तरेला गेली तेव्हा लोकांनी परक्या नावाच्या जागी कानाला ओळखीचं नाव बसवलं, एवढंच.

गलबत
मला दोघांचंही पटत नाही. हे नाव तिथे नाचातून जिवंत आहे. हातात हात धरून रिंगण, वाद्य एकही नाही, डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक, आणि श्यूरुरच्या कथागीतांची शेकडो कडवी तोंडपाठ. १८२२ साली हीच गीतं छापली गेली आणि फेरोई भाषेतलं पहिलं छापील पुस्तक झालं. नाव त्यांचंच.

ओसरी
त्यांचंच आहे, पण त्याने व्युत्पत्ती बदलत नाही. नाव लिहिताना मध्ये 'ध'साठीचं जुनं अक्षर येतं, बोलताना ते ऐकूच येत नाही. १८४६ मध्ये भाषाभ्यासक हामर्सहाइम्ब यांनी फेरोईची लेखनपद्धती बसवली ती जुन्या नॉर्सकडे पाहून, म्हणून ते टिकलं. त्या मुक्या अक्षरात 'राखणारा' अजून उभा आहे.

मूळाक्षर
आणि पहिला तुकडा? गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत 'सिगिस' म्हणजे विजय, संस्कृत 'सहस्' म्हणजे बळ. दोन्ही एकाच धातूचे. आपलं 'साहस' त्या 'सहस्'वरूनच आलंय. नॉर्वेत 'सिगुर्ध'चं 'शूर' झालं, फेरोत श्यूरुर. त्यातला 'श' हा त्या 'सिग'चाच अवशेष.

शब्दवेडा
सीगवार्ट मान्य, माझी पहिली ओळ मागे घेतो. वीर मात्र ऱ्हाइनचाच, त्यावर ठाम आहे.