द हेगच्या बोमेनबुर्टमध्ये घर घेतोय, बोलीतून कर्जाची अट काढावी का? मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी,

गुरुवारी दुपारी बारापर्यंत बोली द्यायची आहे, म्हणून घाईत लिहितेय. नेदरलँड्समध्ये घर घेतलेल्यांनी कृपया सांगा. "त्यापेक्षा नाशकात दोन फ्लॅट येतील" हे घरचे रोज ऐकवतात, ते इथे नको.

आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी मुलगी. द हेगमध्ये भाड्याने राहतो. आवडलेलं घर बोमेनबुर्टमध्ये आहे, लान व्हान मेर्डरवोर्ट या रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला. जुनी विटांची घरं, दुतर्फा मोठी झाडं, फारेनहाइटस्ट्राटची दुकानं चालत, समुद्र सायकलवर. आणि हाग्से मार्क्टला मेथी-कारली मिळतात, हा मुद्दा माझ्या नवऱ्याच्या यादीत सगळ्यात वर आहे.

घर तळमजल्याचं, ८८ चौरस मीटर, मागे लहान बाग. वर दोन घरं, म्हणजे तिघांची मिळून व्हीव्हीई (आपली सोसायटी). ऊर्जा लेबल (घर किती ऊर्जा खातं त्याची श्रेणी) डी. मागणी ४,९५,००० युरो, पण त्या किमतीला जाणार नाही हे उघड आहे. आम्ही ५,२०,००० च्या आसपास जाऊ शकतो.

आमची बाजू: सल्लागाराच्या हिशोबाने दोघांच्या पगारावर कर्ज ४,८०,००० पर्यंत. स्वतःची बचत ४५,०००. आईबाबा २५ लाख रुपये देतायत, म्हणजे साधारण २५,००० युरो. माझी नोकरी कायम, नवऱ्याचा करार मुदतीचा.

आता गोची. आमचाच एजंट म्हणतो की कर्जाची अट (व्होरबेहाउड व्हान फिनान्सीरिंग, म्हणजे कर्ज नाही मिळालं तर दंड न भरता करार मोडता येतो ती) काढून टाका, तरच निभाव लागेल, हल्ली पुष्कळ लोक अट ठेवतच नाहीत. मला पोटात गोळा येतो. शिवाय माझं वय ३४, डिसेंबरअखेर पस्तीस पूर्ण. नवरा ३७. ओव्हरड्राख्ट्सबेलास्टिंगमधली (घर नावावर होताना भरायचा कर) पहिल्या घराची सूट मला मिळेल का?

---

वाटाड्या

आधी अटीचं. करारात सहसा १० टक्क्यांची हमी असते, ठेव म्हणून किंवा बँक गॅरंटी म्हणून. ५,२०,००० वर ५२,०००. अट नसताना कर्ज नाकारलं गेलं आणि घर घेता आलं नाही, तर ही रक्कम विकणाऱ्याला दंड म्हणून जाते. तुमच्या हातात एकूण ७०,००० आहेत. एजंटाच्या खिशातून यातला एक सेंटही जाणार नाही, हे लक्षात ठेवून त्याचा सल्ला ऐका.

पण घाबरण्याआधी धोका नेमका कुठे आहे ते पाहा. लोकांना भीती असते टाक्साटीची, म्हणजे घराच्या मूल्यांकनाची. बँक घराच्या मूल्यांकनाच्या १०० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, बोली त्याच्या वर गेली तर वरचे पैसे आपले. तुमच्या बाबतीत कर्जच ४,८०,००० आहे. टाक्साटी ५,००,००० आली तरी काही बिघडत नाही. ती ४,८०,००० च्या खाली घसरली तरच फटका बसेल, आणि मागणी ४,९५,००० असताना ते होणं अवघड दिसतं.

खरा धोका नवऱ्याच्या करारात आहे. मुदतीच्या नोकरीवर बँक पूर्ण पगार धरते तो कंपनीने इंटेन्सीव्हरक्लारिंग दिलं तर. "काम आणि कंपनीची स्थिती अशीच राहिली तर करार पुढे कायम करू" असं सही-शिक्क्याचं पत्र. ते नसेल तर ४,८०,००० हा आकडा कागदावरच राहील. पत्र हातात आहे का?

---

रानजाई

मागितलंय. एचआर "होईल, होईल" म्हणतंय.

---

वाटाड्या

मग उत्तर सोपं आहे. पत्र हातात येईपर्यंत अट काढायची नाही. आलं, तर पुन्हा बोलू.

आणखी एक. अट म्हणजे आहे किंवा नाही असं नसतं. "कर्ज ४,८०,०००, मुदत चार आठवडे" असं आकड्यानिशी लिहा. अख्ख्या रकमेची मोघम अट आणि ही अट यांत विकणाऱ्याला बराच फरक दिसतो, उरलेले पैसे तुमच्याकडे तयार आहेत हे कळतं. तसंच, करारावर दोघांच्या सह्या होऊन प्रत तुमच्या हातात आली की तीन दिवसांचा बेडेंकटाइड (फेरविचाराची मुदत) मिळतो. त्यात कारण न देता, दंड न भरता मागे फिरता येतं. तीनपैकी दोन दिवस तरी कामाचे असावे लागतात. इमारतीची तपासणी (बाउकुंडिग केरिंग) त्या तीन दिवसांत बसवता येते, मात्र तपासनिसाची वेळ आधीच धरून ठेवा. कर्जाचा निकाल तेवढ्यात लागत नाही, म्हणून हा त्या अटीला पर्याय नाही.

---

गुलबक्षी_एन्स्खेडे

अॅमस्टरडॅमजवळच्या अॅमस्टेल्वीनला या हो! गणपती, दिवाळी पहाट, सगळं आहे.

---

रानजाई

:) तिथल्या किमती पाहिल्या. दिवाळी पहाटेला ट्रेनने येऊ.

---

हिशेबनीस

कराचं सांगतो. स्वतः राहायला घेतलेल्या घरावर २ टक्के. १८ ते ३४ वयाच्या माणसाला एकदाच माफी, पण दोन पाचरी आहेत. वय धरतात ते नोटारिसकडे (खरेदीखत करून देणारा नोटरी) हस्तांतर होतं त्या दिवशीचं, करारावर सही करता त्या दिवशीचं नाही. आणि घराची किंमत २०२५ मध्ये ५,२५,००० च्या वर जाता कामा नये (२०२४ ला ५,१०,००० होती). एक युरो जरी वर गेला तरी माफी पूर्णच जाते.

नवरा ३७ चा, म्हणजे माफी फक्त तुमच्या अर्ध्या वाट्यावर. ५,२०,००० वर तुमचे वाचतात ५,२००. नवीन वर्षात मर्यादा वाढली तरी तुम्हाला उपयोग नाही, तोवर पस्तिशी झालेली असेल.

माझं मत विचाराल तर या ५,२०० साठी जीव टाकू नका. त्यापायी घर हातचं जाऊ देणारे पाहिलेत.

बाकी नोटारिस, कर्ज सल्लागार, टाक्साटी, तपासणी आणि तुमचा एजंट मिळून दहा-बारा हजार बाजूला ठेवा. हे कर्जातून निघत नाहीत. तुम्हा दोघांना डच नीट येत नसेल तर नोटारिसकडे दुभाषी लागेल, त्याचेही पैसे.

---

मेथांबा

मी त्याच भागात राहते, झाडांबद्दल आणि घराबद्दल थोडं. जून महिन्यात लिंडनच्या झाडाखाली गाडी लावू नकोस, मावा किडीचा रस पडून काच चिकट होते. समोरचं झाड नगरपालिकेचं, त्याची सावली सोलर पॅनेलवर आली तर कुणी तोडून देणार नाही. मागच्या बागेत शेजाऱ्याचं मोठं झाड कुंपणापासून किती लांब आहे ते बघ. कायद्याने साधारणपणे दोन मीटर हवं, पण वीस वर्षं उभं असेल तर तक्रारीचा हक्क संपलेला असतो. आणि आपल्याच बागेतलं झाड असलं तरी ते तोडायला परवाना लागू शकतो. हे सगळं सोसूनही मी इथून हलणार नाही, ते वेगळं.

आता महत्त्वाचं. तिघांची व्हीव्हीई इथे बऱ्याचदा झोपलेली असते. नोंदणी आहे, पण ना बैठक, ना बँकेत पैसा. छप्पर गळलं की वरचा म्हणतो सगळ्यांचं, खालचा म्हणतो मला काय त्याचं. २०१८ पासून कायदा आहे की दुरुस्तीसाठी दरवर्षी देखभाल आराखड्याप्रमाणे, नाहीतर इमारत नव्याने बांधायच्या खर्चाच्या अर्धा टक्का इतकी शिल्लक टाकायची. विकणाऱ्याकडून शेवटच्या बैठकीचा वृत्तांत, शिल्लक आणि इमारतीचा सामायिक विमा, तिन्ही माग. स्प्लिट्सिंग्सआक्टेत (इमारत वेगवेगळ्या घरांत विभागल्याचा दस्त) पायाचा आणि छपराचा खर्च कोणाच्या वाट्याला किती ते लिहिलेलं असतं.

१९६० आधीचं घर, तेव्हा पाण्याचे नळ शिशाचे आहेत का हे आवर्जून विचार, घरात लहान मूल आहे. पायाचं म्हणशील तर द हेगमध्ये समुद्राकडची वाळू आणि आतली पीटची जमीन असा ढोबळ भेद आहे. गाउडा, झांडाम इथल्या कुजलेल्या लाकडी खांबांच्या गोष्टी वाचून घाबरून जाऊ नकोस. पण भिंतीवर तिरक्या भेगा दिसतात का, दारं वाकडी झालीत का, हे तपासणाऱ्याला बघायला लाव.

---

रानजाई

मेथांबा, खूप आभार. व्हीव्हीईचे कागद मागितले. शिल्लक आहे, फार नाही. नळांचं एजंटाला माहीत नाही, तपासणीत बघू.

बाबांच्या पैशांचं कोणी सांगेल का? इथे भेटकर लागतो का?

---

हिशेबनीस

देणारा भारतात राहणारा, कधी इथे न राहिलेला, तर डच भेटकर नाही. भारतातून पाठवताना टीसीएस (बँक आगाऊ कापून घेते तो कर) आहे. एका आर्थिक वर्षात माणशी १० लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर २० टक्के कापून घेतात. विवरणपत्र भरलं की परत मिळतं, पण तोवर अडकतं. बाबांनी एकट्याने २५ लाख पाठवले तर तीन लाख अडकतील. आई आणि बाबांनी आपापल्या खात्यातून साडेबारा-साडेबारा पाठवले तर दोघांचे मिळून एक लाख. आईच्या खात्यात तिचे स्वतःचे पैसे असायला हवेत, अर्थात.

बँक आणि नोटारिस दोघेही पैसा कुठून आला ते विचारणार. आईबाबांचं सहीचं पत्र हवं की ही भेट आहे, उसने नाहीत. सोबत त्यांच्या खात्याचा उतारा. ठेव मोडली असेल तर मोडल्याची पावती. हे आत्ताच स्कॅन करून मागवा, ऐनवेळी बाबा गावी असतात.

---

रानजाई

बुधवार रात्रीची खबर. एचआरमधली सही करणारी बाई सोमवारपर्यंत सुट्टीवर. म्हणजे अट राहणार. ४,८०,००० आणि चार आठवडे असं लिहितोय. बोली ५,१८,५००.

एजंट नाराज आहे. त्याने आज एक गोष्ट सांगितली, जी आधी सांगायला हवी होती: विकणाऱ्या आजींची नवी जागा जानेवारीच्या मध्यात तयार होतेय, त्यांना त्याआधी घर सोडायचं नाही. म्हणजे माझी सूट गेली. डिसेंबरचा आग्रह धरू का?

---

वाटाड्या

अजिबात नको. आजींना जानेवारी द्या, आणि बोलीच्या पहिल्याच ओळीत लिहा. अट काढून तुम्ही ५२,००० पणाला लावणार होतात, इथे ५,१८५ मध्ये अटीइतकीच वजनदार गोष्ट विकणाऱ्याला देता येतेय. पूर्ण २ टक्के म्हणजे १०,३७० होतील. कर्जाच्या वरची रक्कम ३८,५००, त्यात हे, त्यात बारा हजार खर्च, एकसष्ट हजारांच्या आत बसतं. तुमच्याकडे सत्तर आहेत.

---

मेथांबा

+१. आणि जमल्यास "आपल्या सोयीची कोणतीही तारीख" असंच लिही. म्हाताऱ्या माणसाला दोनदा सामान हलवायचं नसतं.

---

रानजाई

तसंच लिहून पाठवली. दुपारी चारनंतर कळवतो म्हणालेत. नाही मिळालं तर बोलींची नोंदवही बघायला मिळते म्हणे, ती इथे टाकीन, म्हणजे पुढच्याला आकडे तरी कळतील.