एआय, फॉरवर्ड आणि आपण: तुमचे अनुभव लिहा

औंधची_सून: परवा रात्री सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्या आला. म्हणजे फोटो, आमच्याच पार्किंगमध्ये लिफ्टशेजारी ऐटीत बसलेला. लगेच खिडक्या बंद, पोरांना हाका, नुसता गोंधळ. मग बी विंगच्या कॉलेजकुमाराने सांगितलं की एआयवर केलाय, गंमत म्हणून. वॉचमनकाका ग्रुपवर नाहीत, त्यांना कोणी सांगितलंच नाही, ते रात्रभर केबिनला आतून कडी लावून. यावरून सासूबाईंना पानशेत आठवलं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं ते खरंच, पण पूर ओसरल्यावर परत "पाणी आलं, पळा" अशी आवई उठली आणि लोक पर्वतीकडे धावत सुटले. पण ते बिचारे आधीच घाबरलेले होते हो, मुद्दाम बसून कोणी बनवलं नव्हतं. तुमच्याकडे काय काय झालंय?

शनिवारातला: पाटीवरचं मराठी बघायचं. आमच्याकडे आलेल्या फोटोत अक्षरांच्या जागी जिलब्या होत्या

मुग्धा_क: आता नीट लिहितं ते, त्या भरवशावर राहू नका

काकू_सहकारनगर: २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो!! हातात मोबाईल नव्हते तरी संध्याकाळपर्यंत देशभर. आमच्या गल्लीतलं दूध संपलं, ह्यांना कोरा चहा 😂

शनिवारातला: काकू, काकांनी प्यायला का पण?

निनाद७८: सचिनचा गेमिंग अ‍ॅपवाला व्हिडिओ, जानेवारी २०२४. त्याने स्वतः सांगितलं खोटा आहे, तरी बाबा म्हणतात "अरे आवाज त्याचाच आहे की". आता बाबांना काय सांगू, आवाजाचीच तर चोरी आहे

डेक्कनवाली: गंमत म्हणणाऱ्या त्या पोराला राईनपाडा सांगा कोणीतरी. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. पोरं पळवणारी टोळी आलीय एवढ्या फॉरवर्डवर भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. नंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एका वेळी पाचच चॅट अशी मर्यादा आणली. ते एआयशिवाय झालं होतं. त्यात असा आपल्याच जिन्यातला फोटो असता तर? बनवणारा एक असतो, पण पुढे ढकलणारे आपणच ना, आणि "काळजीपोटी पाठवलं" म्हणून मोकळे

मुग्धा_क: बापरे. हो

काकू_सहकारनगर: आमच्या भिशीच्या ग्रुपवर मी विचारते, कुठून आलं गं? की सगळ्या गप्प. रागावतात पण.

बी_विंग_४: मी त्याच सोसायटीतला. बिबट्या खोटा असेल पण मागे माझ्या जागेत लावलेली पांढरी गाडी खरी आहे. कोणाची?

औंधची_सून: अय्या. ह्यांना विचारून सांगते