मदत हवी आहे: फॉलमध्ये लाल होणारी, पण इथलीच झुडपं (न्यू जर्सी)

मंडळी,
घर घेतलं तेव्हा ड्राइव्हवेच्या कडेला बर्निंग बुशची पाच झुडपं आयती मिळाली. ऑक्टोबरात अशी लालभडक होतात की फिरायला आलेली माणसं थांबून फोटो काढतात. पण झाड मूळचं ईशान्य आशियातलं. पक्षी फळं खातात नि बी रानात जाऊन पडतं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर विक्रीलाच बंदी आहे. हे सगळं वाचूनही मी तिकडे दुर्लक्ष केलं होतं. गेल्या रविवारी मागच्या कुंपणापाशी तण उपटताना रोपंच रोपं हाती लागली. त्यातल्या हातभर वाढलेल्या एका काडीवर बुचासारख्या उभ्या पट्ट्या, हीच बर्निंग बुशची खूण. म्हणजे आमचंच बियाणं! मोजली, एकोणीस.

तेव्हा पाचही काढायची. नवऱ्याची अट एकच: लाल गेलं तर तो खणायला येणार नाही.

जागा वीस फूट बाय चार. दुपारी दोनपर्यंत ऊन, मग शेजाऱ्यांच्या ओकची सावली. चिकणमाती, पाऊस पडला की दोन दिवस पाणी हटत नाही. हरणं रोजची, होस्टाची (सावलीतलं पानांचं शोभेचं झाड) पानं देठासकट फस्त.

मनात हायबुश ब्लूबेरी आहे. तिचं पहिलं बाजारी पीक १९१६ साली आपल्याच न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉगमधून निघालं, आणि पानंही सुरेख लाल होतात. पण तिला आम्ल माती लागते, नि आमच्या मातीचा पीएच (आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) ६.८ आलाय. गंधक घालून भागेल का?

प्रतिसाद १
त्या पट्ट्यात ब्लूबेरीचा नाद सोडा. तिला ४.५ ते ५.५ लागतो. चिकणमातीत गंधकाला महिनोन् महिने लागतात, शिवाय शेजारचं काँक्रीट चुना सोडतच राहतं. हौस असेल तर मोठ्या कुंडीत लावा.
तिथे व्हर्जिनिया स्वीटस्पायर लावा, 'हेन्रीज गार्नेट' जात. मूळची ओलसर जागेतलीच, तीन-चार फुटांवर थांबते. जूनच्या सुमारास पांढरे तुरे येतात. रंग मात्र डाळिंबी, बर्निंग बुशसारखा भडक नाही. मुळांतून फुटवे काढून पसरते, म्हणून चार रोपं पुरे. हरणांसाठी पहिले दोन हिवाळे जाळी लावाच.

प्रतिसाद २
भडकच हवा तर रेड चोकबेरी. ओल चालते, फळंही लाल. पण सहा-आठ फूट जाते आणि खालून उघडी पडते. गाडी मागे घेताना रस्ता दिसला पाहिजे ना?

धागाकर्ती
दोघांचेही आभार! मग ड्राइव्हवेला स्वीटस्पायर, चोकबेरी मागे कुंपणाला. नवऱ्याला डाळिंबी हा लालच असतो असं सांगितलंय. आता एकच: जुनी झुडपं फळं पिकायच्या आत तोडू, की मुळासकट एकदम मार्चमध्ये?