ग्रुपला कुलूप नको
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको ते मेसेज वाढले की ‘फक्त अ‍ॅडमिनच लिहितील असं सेटिंग करा’ असं सुचवलं जातं; मला ते पटत नाही. आमच्या गच्चीवरच्या बागेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही ते करून पाहिलं. सुप्रभातची चित्रं आणि जाहिराती थांबल्या, पण ‘जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडलाय, काय फवारू?’ असं विचारणारेही गप्प झाले. महिन्याभरात परत मोकळं केलं.

अ‍ॅडमिनला २०२२पासून कुणाचाही मेसेज सर्वांसाठी काढून टाकता येतो. आम्ही नको तो मेसेज काढतो आणि टाकणाऱ्या सभासदाला फोन करतो. फोन कराच! चारचौघांत टोकलं की माणूस दुखावतो. असेच रोज फॉरवर्ड टाकणाऱ्या एका काकांनी मला गुटी कलम (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवायची पद्धत) बांधायला शिकवलंय. दुहेरी बाणाचे, म्हणजे अनेकदा पुढे पाठवले गेलेले फॉरवर्ड मात्र कुणाचेही असोत, लगेच काढा.