तलावाचं अनुदान: आधी गाळ की आधी नाला?

काठावरचा (धागालेखक)

शहरी तलावांसाठी केंद्राचं अनुदान २००१ साली राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून सुरू झालं. पुढे केंद्र-राज्य वाटा ७०:३० ठरला. २०१३ मध्ये ही योजना पाणथळ जागांच्या योजनेत मिसळली आणि आता बहुतेक राज्यांसाठी वाटा ६०:४० आहे. नावं बदलली, प्रकल्प अहवालाचा साचा तोच राहिला. नाले अडवून वळवणं, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, गाळ काढणं, जलपर्णी, काठाचं पिचिंग (दगडी अस्तर), कुंपण, पदपथ आणि शेवटी कारंजं. यश मोजायचं बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू), विरघळलेला प्राणवायू आणि कोलिफॉर्म (मैल्यातले जीवाणू) यांवर. शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमियम यांचे आकडे असलेच तर परिशिष्टात, आणि पुढच्या हप्त्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या तलावात कारखान्यांचं पाणी येतं, तिथे नाल्याच्या तोंडाशी धातूंचा भार एक पावसाळा धरून वर्षभर मोजल्याशिवाय आणि तो उतरल्याशिवाय गाळ काढायला एक रुपयाही देऊ नये.

हैदराबादचा हुसेनसागर बघा. कुकटपल्ली नाल्यातून जीडीमेटला, बालानगर, सनतनगर या औद्योगिक पट्ट्यांचं पाणी तिथे उतरतं. २००६ पासून जपानी कर्जावर मोठं काम झालं, नाला अडवून पाणी अंबरपेटच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवलं, नाल्याच्या मुखाशी गाळ उपसला. पण अशी अडवणी कोरड्या दिवसांच्या प्रवाहावर बेतलेली असते. जोराचा पाऊस आला की सांडव्यावरून नाला पुन्हा तलावात. शिवाय जैविक प्रक्रियेत धातू नष्ट होत नाहीत. काही केंद्राच्या गाळात बसतात, उरलेले मुसी नदीत जातात. तलावाचं विष नदीला दिलं, एवढंच.

लेखाशीर्ष

असहमत. वर्षभर मोजा आणि मग पैसे मागा, हे दिल्लीत बसून लिहायला ठीक आहे. मोजणीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून करायचा? अनुदान भांडवली कामाला मिळतं. देखभाल-दुरुस्ती पालिकेच्या गळ्यात, आणि खरी गोम तिथेच आहे.

वळवलेल्या नाल्याचं काय होतं ते लिहितो. पंपगृह बांधतात, तोंडाशी २० मिमी फटींची जाळी बसवतात. प्लास्टिक आणि कापडाने जाळी काही तासांत तुंबते, कारण ती साफ करायला तिन्ही पाळ्यांत माणूस हवा आणि मंजूर असतो एका पाळीत. वीज गेली की जनित्र आहे, पण डिझेलची तरतूद नाही. राखीव पंप कागदावर चालू, प्रत्यक्षात त्याची मोटर रिवाइंडिंगला गेलेली. दोन तासांत पंपगृहाची विहीर भरते आणि नाला जुन्या वाटेने तलावात. हे दोष बांधकामाचे नाहीत, रोजच्या खर्चाचे आहेत. तुमची अट लावली तर ज्या पालिकेकडे आधीच पैसे नाहीत ती अपात्र ठरेल आणि अनुदान श्रीमंत महापालिकेला जाईल.

मोजणी हाच पहिला हप्ता धरा, ते मान्य. पण गाळ थांबवू नका. मुखाशी साठलेला गाळ हाच दर पावसाळ्यात ढवळून विष सोडतो. नाला बंद केला तरी तो तिथेच असतो.

रसायनी

दोघेही "मोजणी" म्हणताय, पण कशाची आणि कशी?

पाण्याचा नमुना बाटलीत भरून धातू शोधण्यात अर्थ कमी. धातू कणांना चिकटतात आणि तळाशी बसतात, त्यामुळे वरचं पाणी बहुतेक वेळा निर्दोषच दिसतं. तळाचा उभा नमुना घ्यावा लागतो. पारदर्शक ॲक्रिलिकची नळी गाळात दाबायची, वरून रबरी बूच लावून निर्वात करून उचलायची, मग १० सेंटिमीटरचे काप करायचे. मुखाशी नमुने दाट, मध्यभागी विरळ. धातूंसाठी प्लास्टिकचा डबा, सेंद्रिय विषांसाठी काचेची बाटली, दोन्ही ४ अंशांवर. वरचा काप खालच्यापेक्षा स्वच्छ निघाला तर नाला खरंच सुधारतोय. उलट असेल तर गाळ काढून उपयोग नाही, काही पावसाळ्यांत तेवढंच परत येईल. म्हणजे वर्षभर थांबायचीही गरज नाही, तळच इतिहास सांगतो.

महाराष्ट्रात एक चूक हमखास होते. उत्तर अमेरिकेत तळगाळासाठी एक मर्यादा-तक्ता सर्रास वापरतात, तोच इथे जसाच्या तसा लावला जातो. त्यात ज्यावर अपाय संभवतो अशी पातळी तांब्याला १४९, निकेलला ४८.६, क्रोमियमला १११, शिशाला १२८, पाऱ्याला १.०६ मिलिग्रॅम प्रति किलो आहे. आपली जमीन बेसाल्टची. तांबं, निकेल, क्रोमियम त्यात मुळातच भरपूर. कारखाना नसलेल्या खेड्यातल्या पाझर तलावाचा गाळही निकेलमध्ये "विषारी" ठरू शकतो. म्हणून ॲल्युमिनियम किंवा लोहाशी गुणोत्तर काढायचं आणि त्याच पाणलोटातल्या वरच्या, अस्पर्श मातीशी तुलना करायची. शिसं, पारा, कॅडमियम बेसाल्टमध्ये अगदी थोडे असतात, ते वाढलेले दिसले तर माणसाचा हात नक्की.

कलम_३३अ

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. अनुदान द्यायचंच कशाला?

न्यूयॉर्क राज्यातला ओनोंडागा तलाव घ्या. रसायन कारखान्याने दशकानुदशकं पारा सोडला, १९४० मध्ये पोहणं बंद झालं, पुढे मासेमारीही. २०१२ ते २०१४ मध्ये सुमारे २२ लाख घनयार्ड गाळ उपसला गेला आणि वर वाळूचा थर टाकला. खर्च त्या कारखान्याची वारसदार कंपनी हनीवेलने केला. आपल्याकडे जल कायद्यातल्या कलम ३३अ खाली प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारखाना बंद करायचा, वीज-पाणी तोडायचा अधिकार आहे. तो न वापरता करदात्याच्या पैशाने गाळ काढणं म्हणजे प्रदूषकाला सवलत. आज अनुदान दिलं की उद्याचा प्रदूषक निश्चिंत.

मुलामा

ओनोंडागाला एक मोठी कंपनी होती, तिच्या दारात जाता आलं. बालानगरसारख्या पट्ट्यात दहा बाय वीसच्या शेडमध्ये निकेल-क्रोमचा मुलामा देणारे किती? कुणाचा क्रोमियम किती, हे ठरवण्यात खटला दहा वर्षं जाईल. वीज तोडली की दुसऱ्याच्या नावावर पुढच्या गल्लीत सुरू.

अनुदानाचा सगळ्यात चांगला उपयोग तिथेच आहे, तलावाच्या काठावर नाही. वस्तू टांगलेला रॅक मुलाम्याच्या टाकीतून उचलल्यावर १० ते १५ सेकंद टाकीवरच निथळू द्यायचा, बरंचसं द्रावण तिथेच परत पडतं. एका धुण्याच्या टाकीऐवजी तीन टाक्या उलट प्रवाहाने जोडायच्या (माल एका दिशेने, पाणी उलट दिशेने), धुण्याचं पाणी नव्वद टक्क्यांहून जास्त वाचतं. उरलेलं पाणी थोडं आणि घट्ट, म्हणून प्रक्रिया सोपी. सहा-संयुजी क्रोमियमसाठी पीएच २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट, मग चुन्याने साडेआठ-नऊवर नेऊन साका (तळाशी बसणारा घन गाळ) बसवायचा. सायनाइडचं पाणी वेगळं, पीएच १० च्या वर ठेवून हायपोक्लोराइट.

बिघडतं कुठे? दोन्ही पाणी एकाच गटारात सोडलं की. आम्ल आणि सायनाइड एकत्र आले तर हायड्रोजन सायनाइड वायू, माणूस जागीच जातो. निकेलचा साका नीट बसायला पीएच १० च्या आसपास लागतो, म्हणून क्रोमच्या पीएचवर निकेल सुटून जातं. सामूहिक प्रक्रिया केंद्राकडे सगळं मिसळून आलं की त्यांनाही काही करता येत नाही.

अशा केंद्रांसाठी २०१२ च्या सुधारित योजनेत केंद्र ५०, राज्य २५, उद्योग २५ टक्के असा वाटा ठरला. तेच सूत्र शेडमधल्या तीन टाक्यांना का नाही? अनुदान म्हणजे बक्षीस असं समजू नका. पाइप कुठे जातो हे बघायला अधिकाऱ्याला आत जायचा परवाना मिळतो, तोही त्यातच आला.

कलम_३३अ

म्हणजे ज्याने आजवर कायदा पाळला नाही त्याला टाक्या, आणि ज्याने स्वखर्चाने बसवल्या त्याला काय? त्याचा माल महाग पडून तो आधीच बाहेर फेकला गेला. ठीक, द्या, पण व्याजमुक्त कर्ज द्या, फुकट नको.

हायवा

गाळाकडे परत येतो, कारण अंदाजपत्रकं तिथे फसतात.

दहा हेक्टरवर अर्धा मीटर गाळ म्हणजे ५०,००० घनमीटर. घनता साधारण १.२ धरली तर ६०,००० टन, त्यात घन भाग ३० टक्के, म्हणजे १८,००० टन. पाणी निथळून घन भाग ५० टक्क्यांवर आणला तरी वाहायला ३६,००० टन. १५ टनांच्या गाडीने २,४०० फेऱ्या. आता अंदाजपत्रक बघा. दरसूचीप्रमाणे लीड (वाहतुकीचं अंतर) पाच किलोमीटरचा धरलेला असतो, कारण गाळ "पालिकेच्या जागेवर" टाकायचा. विद्राव्य धातूंची टीसीएलपी चाचणी केली आणि गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या मर्यादेपलीकडे गेला, तर तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या केंद्रातच न्यावा लागतो. कोल्हापूरहून रांजणगाव अडीचशे किलोमीटरच्या वर. लीडचा खर्चच मूळ कामाच्या कित्येक पट. मग ठेकेदार काय करतो? चाचणी सोयीच्या जागेवरून घेतो. दोष त्याचा जेवढा, तेवढाच चाचणीआधी निविदा काढणाऱ्याचा.

दुसरी भीती शेताची. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" उत्तम योजना आहे, लहान शेतकऱ्याला गाळ वाहायला एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांना ३७,५०० मिळतात. ती खेड्यातल्या तलावांसाठी. शहरातल्या तलावाचा काळा गाळ "खत आहे" म्हणून त्याच सवयीने मेथी-पालकाच्या वाफ्यात गेला तर कॅडमियम थेट ताटात. पालेभाज्या तो सहज शोषतात.

रसायनी

यात एक जोड. गाळ काढायला उन्हाळ्यात तलाव आटवून जेसीबी उतरवायची पद्धत धातूंच्या बाबतीत सगळ्यात वाईट. काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ म्हणजे त्यात सल्फाइड आहे, आणि शिसं, कॅडमियम, जस्त त्याच सल्फाइडने बांधून ठेवलेले असतात. हवा लागली की सल्फाइडचं सल्फेट होतं, आम्लता वाढते आणि धातू सुटे होतात. जूनमध्ये तलाव भरला की ते पाण्यात. म्हणून उपसा पाण्याखालूनच, पंपाने. गाळ थेट जिओटेक्स्टाइलच्या (पाणी झिरपू देणाऱ्या कापडाच्या) नळ्यांत भरायचा, आधी कण एकत्र आणणारं पॉलिमर मिसळून. पॉलिमरची मात्रा बीकरमध्ये रोज तपासायची, कारण गाळ रोज बदलतो. मात्रा कमी पडली तर कापडाची छिद्रं तुंबतात, जास्त झाली तर पॉलिमर निथळलेल्या पाण्यासोबत परत तलावात. ते पाणीही तपासूनच सोडायचं.

सगळीकडे उपसायलाच हवं असंही नाही. खोल, शांत भागात १५ ते ३० सेंटिमीटर वाळू टाकून गाळ झाकला तरी चालतं, हवं तर थोडा सक्रिय कोळसा मिसळून. उथळ काठावर किंवा तळातून मिथेनचे बुडबुडे येत असतील तिथे हा थर टिकत नाही. विसर्जन घाटावर तर मुळीच नाही. तिथे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं सल्फेटही येतं, आणि सल्फेटवर जगणारे जीवाणूच पाऱ्याचं माशांत साठणाऱ्या मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात.

काठावरचा

लेखाशीर्ष, तुमचा मुखाच्या गाळाचा मुद्दा अर्धा मान्य. रसायनींच्या कापांवरून वरचा थर स्वच्छ निघाला तर वर्ष थांबायला नको, लगेच उपसा. नाही निघाला तर माझी अट कायम.

अमेरिकेच्या पंचमहासरोवरांसाठी २००२ च्या कायद्याने गाळसफाईला केंद्राचा निधी मिळतो, पण स्थानिकांनी किमान ३५ टक्के घालायचे. तिथेही गाळ नेहमी पहिला नसतो. मिशिगनमधल्या डिअर लेकमध्ये खाणीच्या प्रयोगशाळेचा पारा सांडपाण्यातून गेला होता. तो बंद झाल्यावरही जुन्या खाणीच्या बोगद्यांतून वाहणारा पार्ट्रिज नावाचा ओढा पारा आणतच राहिला. संघराज्याच्या अनुदानातून ओढ्याची वाट बदलली, आणि २०१४ मध्ये तलाव पंचमहासरोवरांच्या चिंताजनक प्रदूषित जागांच्या यादीतून निघाला. पैसा ओढ्यावर गेला, तळावर नाही.

लेखाशीर्ष

उदाहरण माझ्या बाजूनेही वाचता येतं. ओढा वळवला तो अनुदानाने, स्थानिक पालिकेने आधी स्वतः करून दाखवला नाही. अट लावायचीच तर ही लावा: पंपगृहाच्या दहा वर्षांच्या विजेचे आणि माणसांचे पैसे अनुदानातूनच वेगळ्या खात्यात ठेवा, व्याजावर चालवा. पदपथ आणि कारंजं कापून तेवढे निघतात. आणि यश मोजायला मासे घ्या. त्याच वर्षी जन्मलेली लहान मासळी घ्यायची, मोठ्या माशात जुन्या वर्षांचा साठा असतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची माशातली मर्यादा शिशाला ०.३ आणि पाऱ्याला बिगर-शिकारी माशांत ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो आहे.

कलम_३३अ

आणि मर्यादा ओलांडली तर? तलाव मच्छीमार संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. विक्री बंद केली तर नुकसान त्यांचं, ज्यांनी एक थेंबही सोडलेला नाही. त्यांची भरपाई तुमच्या अंदाजपत्रकात कुठल्या रकान्यात आहे?

लेखाशीर्ष

आत्ता कुठल्याच नाही. प्रदूषकांकडून वसूल होणाऱ्या पर्यावरण भरपाईतून ती द्यावी, असं माझं मत. वसुली तुमच्या कलमाने करा, मी रकाना उघडतो.